विमानात घरचा डब्बा न्यायचा आहे? गावावरून निघणाऱ्यांसाठी अथपासून इतिपर्यंत

आमच्याकडे कुणाचंही विमानाचं तिकीट निघालं की पहिला प्रश्न सीटचा नसतो, सामानाचा पण नसतो. "अवं बाई, डब्बा नेऊ देतात का त्याच्यात?" हाच असतो. तर हो, नेऊ देतात, बिनधास्त न्या, आणि सीटवर बसून उघडून खा सुद्धा. आपल्या देशातल्या विमानांत घरचं जेवण न्यायला मनाई नाही. अडचण फक्त काही ठराविक पदार्थांची असते, आणि ती कुठली हे आधी माहीत नसल्यामुळे सिक्युरिटीच्या टेबलावर मायनं पहाटे उठून केलेला ठेचा डस्टबिनमध्ये जातो, आणि मग बिचारी पोरं उपाशीपोटी चढतात. ते होऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, वाचा निवांत.

आधी घड्याळाचा हिशोब करा

बहुतेक लोक डब्ब्याचा विचार विमानाच्या वेळेवरून करतात. नागपूर ते मुंबई दीड तास, म्हणजे भूक लागायच्या आत पोचू असं वाटतं. पण तुम्ही नागपुरात राहत नाही ना. समजा यवतमाळच्या पुढच्या एखाद्या गावात राहता आणि दुपारी २ ची फ्लाइट आहे. यवतमाळ ते नागपूर साधारण १५० किलोमीटर, एसटीनं साडेतीन-चार तास पकडा, त्याच्या आधी गावावरून यवतमाळला यायला काळीपिवळी नाहीतर कुणाची तरी गाडी, वर एअरपोर्टवर दोन तास आधी पोचायचं. म्हणजे घरून सकाळी ७ च्या आसपास निघावं लागते आणि स्वयंपाक ५ ला सुरू होतो. मुंबईत साडेतीनला उतरलात, बेल्टवरून बॅग येईपर्यंत ४, पुढे लोकल किंवा टॅक्सीनं पोराच्या रूमवर पोचेपर्यंत ६ सहज वाजतात. आता मोजा, पहाटे ५ ला केलेलं अन्न दुपारी खायचं आहे आणि उरलेलं संध्याकाळी, आणि मधात मे महिना असला तर ४५ डिग्रीच्या उन्हात एसटीच्या खिडकीजवळ ते बसून येणार. गडचिरोली किंवा मेळघाटाकडून येणाऱ्यांचा हिशोब तर अजून लांब जातो.

म्हणून डब्बा दीड तासाचा नाही, १२ तासांचा ठरवायचा. हे एकदा डोक्यात बसलं की काय न्यायचं आणि काय नाही हे अर्धं आपोआप सुटते.

आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली, गोंदियाला बिरसीचं विमानतळ आहे, त्यामुळे काहींचा रस्त्यावरचा वेळ वाचतो. पण बेलोऱ्याला छोटं एटीआर विमान येते, त्याच्या वरच्या कप्प्यांत मोठी बॅग मावत नाही, म्हणून डब्ब्याची पिशवी पायाजवळ सीटखाली जाईल एवढीच ठेवा.

घरीच तीन ढीग करा

पलंगावर किंवा चटईवर सगळं खायचं सामान मांडा आणि तीन ढीग करा. एक जवळ ठेवायच्या बॅगेत, म्हणजे जी आपल्यासोबत विमानात वर येते ती. दुसरा काउंटरवर जमा होणाऱ्या मोठ्या बॅगेत. तिसरा घरीच राहणार.

जवळच्या बॅगेत कोरडं आणि तयार खाणं जाते. पोळ्या, पुऱ्या, धपाटे, पराठे, दशम्या, सुकी भाजी, चिवडा, लाडू, शंकरपाळे, भाजलेले फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, फुटाणे, बिस्किटं, केळी, संत्री, बोरं, सगळं चालते. नागपूरला येऊन संत्रा बर्फीचा डब्बा घेतला असेल तर तोही जवळ ठेवता येतो.

मोठ्या बॅगेत जायच्या गोष्टी म्हणजे लाल तिखट, काळा मसाला, गरम मसाला, ठेचा, मिरचीचं लोणचं, तूप, मुरांबा, पातळ काहीही. यातलं लाल तिखट सगळ्यात महत्त्वाचं. कुणाच्या डोळ्यात फेकता येते म्हणून जवळच्या बॅगेत ते जाऊच देत नाहीत, मग ती घरची भिवापुरी मिरची असो की दुकानातलं पाकीट. मोठ्या बॅगेत काही अडचण नाही. लोणच्याच्या बाबतीत मिरचीचं लोणचं अडवतात आणि बाकीचं कधी सोडतात कधी नाही, त्यात तेल असतेच, म्हणून मी सरळ सांगते, लोणचं कुठलंही असो मोठ्या बॅगेत टाका आणि मोकळे व्हा. तूप आणि तेलाला एअरलाइनप्रमाणे मर्यादा वेगळी असते, किलो-दोन किलोचा डब्बा न्यायचा असेल तर त्या एअरलाइनच्या साइटवर आधी बघून घ्या नाहीतर पोराला बघायला सांगा, पाच मिनिटाचं काम आहे.

घरी राहणाऱ्या ढिगात पहिलं नाव सुक्या खोबऱ्याचं. खोबऱ्याचा गोटा किंवा वाट्या जवळच्या बॅगेतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. लोकांना हे पटतच नाही, म्हणतात खोबऱ्यानं काय होते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते गरम जागी दाबून राहिलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून माल वाहतुकीच्या नियमातच ते धोकादायक वस्तूंमध्ये धरलेलं आहे. चिवड्यातल्या चार कापांना कुणी अडवताना मी पाहिलं नाही, पण ओटीचं खोबरं, पूजेचा गोटा, मसाल्यासाठीच्या वाट्या हे घरीच ठेवा, तिकडे विकत मिळते.

त्याच ढिगात माचिस आणि लायटर. पूजेच्या सामानात, अगरबत्तीच्या पुड्यासोबत माचिस हमखास राहून जाते, नीट बघा. चाकू, सुरी, कैची जवळच्या बॅगेत चालत नाही, त्यामुळे आंबा किंवा सफरचंद तिथे कापून खाऊ हा विचार सोडा, घरूनच कापून न्या किंवा कापायची गरज नसलेलं फळ न्या. या बाबतीत आपलं संत्रं खरंच फार कामाचं, सालीत आपोआप पॅक असते. दुकानात हल्ली स्वतःच गरम होणारी जेवणाची पाकिटं मिळतात, दोरी ओढली की आत उष्णता तयार होते, ती विमानात चालत नाहीत.

काय करायचं, हा खरा विषय

डब्ब्याचा एकच शत्रू, पाणी. ओलं अन्न लवकर आंबते, गळते, वास मारते आणि सिक्युरिटीलाही त्याचाच संशय येतो. जेवढं पाणी कमी तेवढा डब्बा टिकाऊ. शिजवलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधात राहिलं की जंतू वाढतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी ९ नंतर बाहेरची हवाच ४० कडे जाते, म्हणजे दोन तासही ओल्या भाजीला जास्त झाले. भात तर नकोच, साधा नको, फोडणीचा नको, गोळाभातही नको. भात कोमट राहिला की त्यात एक जंतू वाढतो ज्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि उलट्या सुरू झाल्या की विमानात काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय. माझ्या मते तीन गोष्टी पुरतात.

पहिली, तिखट-मिठाच्या पुऱ्या. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, चमचाभर ओवा हातावर चोळून, चमचाभर तीळ, हळद, तिखट, मीठ, आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवा, सैल झालं तर पुऱ्या तेल पितात आणि दुपारपर्यंत पिशवी ओशट होते. जरा जाडसर लाटा आणि मध्यम आचेवर तळा. महत्त्वाचं म्हणजे तळल्यावर सुती कपड्यावर किंवा पेपरावर पसरून पूर्ण थंड होऊ द्या, घाईत गरम गरम डब्ब्यात भरल्या की झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी परत पुरीवर पडते. या पुऱ्या दोन दिवस काही होत नाहीत. यात सांभार चिरून टाकू नका, म्हणजे कोथिंबीर हो, पुण्यामुंबईचे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगितलं. हिरवा पाला आला की टिकणं कमी होते.

दुसरी, दशमी. ही तर प्रवासाचीच पोळी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं. पाऊण वाटी कोमट दुधात अर्धी वाटी चिरलेला गूळ विरघळवा, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या लागते. दूध गरम असताना गूळ टाकू नका, फाटते. लाटून तुपावर मंद भाजा, गुळामुळे लवकर करपते म्हणून तव्यावरून नजर हटवायची नाही. थंड झाली की मऊच राहते, दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही चावते, सोबत भाजी नसली तरी चालते. भाकरीचं असं नाही. ज्वारीची भाकर मला जीव की प्राण आहे पण ती सकाळची दुपारी कडक होते आणि गुंडाळताही येत नाही, प्रवासात तिचा आग्रह धरू नका. घरात भाकरीशिवाय ज्याचं पोट भरतच नाही असं माणूस असेल तर ताज्या भाकरीला तेल, मीठ लावून कुस्करून डब्बीत द्या, चमच्यानं खाता येते.

तिसरी, सुकी आलूची भाजी, पण रोजच्या पद्धतीनं नको. कांदा नाही, भेद्र म्हणजे टमाटर नाही, ओलं खोबरं नाही, पाण्याचा हबका नाही. आलू उकडून पूर्ण गार करा, मग जास्त तेलात मोहरी, जिरं, हळद, कढीपत्ता कुरकुरीत करून त्यात फोडी परता, कडा लालसर होईपर्यंत, शेवटी लिंबू पिळा. ही पोळीत भरून गुंडाळी करून द्यायची. गुंडाळी केली की वेगळा डब्बा नको, चमचा नको, ताट नको, एका हातानं खाता येते आणि शेजारच्याच्या पॅंटवर काही सांडत नाही. जवसाची चटणी न्यायची असेल तर तीही अशीच पोळीला तेलाचं बोट लावून आत पसरून गुंडाळा. वेगळ्या पुडीत तिखट चटणी नेली तर तपासणारा ती मिरचीपूड समजून काढायला लावू शकतो, पोळीच्या आत असली की ते जेवण असते.

गोडात पोळीचा लाडू. रात्रीच्या पोळ्यांचा बारीक चुरा, गूळ, तूप, बस. गळत नाही, वास येत नाही, पोट धरून ठेवते. शुगरवाल्यांना अर्थातच नाही.

आता काय करू नका तेही ऐका. चून-भाकर (म्हणजे पिठलं-भाकर), पाटोडीचा रस्सा, हरभऱ्याची उसळ, वाटाणे, मुळा, कच्चा कांदा हे विमानाआधी आणि विमानात टाळा. कारण विमान वर गेल्यावर आतली हवा पातळ केलेली असते, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी. आपलं चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, म्हणजे त्याच्या दुप्पट उंचीवर बसल्यासारखं समजा. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो. आधीच बेसन-हरभरा खाल्लेलं पोट वर गेल्यावर टम्म होते, छातीत दुखल्यासारखं वाटते, आणि पहिल्यांदा बसलेलं माणूस घाबरते की हार्टचं काही झालं का. पुरीतलं अर्धी वाटी बेसन एवढं त्रास देत नाही, पण ज्याला त्याचाही त्रास होतो त्यानं त्याजागी ज्वारीचं पीठ घ्यावं. कोल्ड्रिंकचंही तेच, गॅस भरलेलं काही पिऊन चढू नका.

वासाचं पण बघा. सुकट, बोंबील, सावजी मटण, उकडलेली अंडी, कच्च्या लसणाचा ठेचा, हे बंद डब्यासारख्या जागेत उघडलं की मागच्या दहा रांगांना कळते. आपल्याला तो वास घराचा वाटतो पण एखाद्याला मळमळते, आणि तो उठून बाहेर जाऊ शकत नाही. तिकडे पोचल्यावर खा की हे सगळं, पोरं वाट पाहतच असतात.

भरायचं कसं

स्टीलचा डब्बा चालतो, पण एक्सरे मशीनमध्ये स्टीलच्या आतलं नीट दिसत नाही आणि उघडून दाखवायला लागू शकते. म्हणून जवळच्या बॅगेत शक्यतो पारदर्शक प्लास्टिकचा हलका डब्बा घ्या, किंवा पुऱ्या सुती कपड्यात गुंडाळून वर पिशवी. फॉइलमध्ये नेल्या तरी हरकत नाही पण गरम असताना गुंडाळू नका. माणशी वेगळी पुडी करा, हे फार कामाचं आहे. चौघांचा एक मोठा डब्बा असला आणि चौघांच्या सीट वेगवेगळ्या रांगेत आल्या तर तीन जण उपाशी राहतात, फुकटच्या सीट घेतल्या की असं होतेच.

एकदम घट्ट झाकणाच्या डब्यात काही ओलसर असेल तर वर गेल्यावर आतली हवा फुगून झाकण ताणल्या जाते, आणि उघडताना फस्सकन उडते. चिवड्याचं पाकीट पण फुगून गोल होते, घाबरू नका, फुटत नाही सहसा. उघडताना तोंड स्वतःकडे ठेवा आणि हळू उघडा.

सोबत काय काय टाकायचं: जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे हात पुसायला, एक रिकामी पिशवी कचऱ्याला, बडीशेप, आणि चार-सहा लिमलेटच्या गोळ्या किंवा खडीसाखर. गोळ्या गोड खायला नाहीत. विमान उतरताना कानात दडे बसतात, लहान लेकरं रडतात ती त्यामुळेच. गोळी चघळत घोट गिळत राहिलं की कान मोकळा होतो. उतरायच्या अर्धा तास आधीपासून तोंडात ठेवायची.

पाण्याची बाटली रिकामी न्या. बाटलीभर पाणी आत जाऊ देतात की नाही हे एअरपोर्टप्रमाणे बदलते, पण रिकामी बाटली कुठेच अडवत नाहीत आणि सिक्युरिटीच्या आत पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, तिथे भरून घ्यायची. एसटीतलं पाणी एसटीतच संपवायचं. ताक, मही, पन्हं बाटलीत भरून जवळ नेऊ नका, एसटीतच पिऊन टाका.

वजन घरीच करा. जवळची बॅग ७ किलो आणि मोठी १५ किलो हे बहुतेक देशातल्या साध्या तिकिटांचं ठरलेलं आहे, तरी तिकिटावर लिहिलेलं असते ते बघाच. किराणा दुकानात काटा असतो, कापसाच्या मोसमात तर घरोघरी असतो. डब्ब्याची पिशवी वेगळी न ठेवता जवळच्या बॅगेतच वरच्या बाजूला बसवा, कारण एकच बॅग असा नियम आहे आणि गर्दीच्या दिवशी दुसऱ्या पिशवीवरून वाद होतात.

एअरपोर्टवर

वर्धा-यवतमाळकडून येणारी एसटी वर्धा रोडनंच नागपुरात शिरते आणि विमानतळ त्याच रोडला लागून आहे, त्यामुळे गणेशपेठच्या स्टॅंडपर्यंत जाऊन परत यायची गरज नसते. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, म्हणजे तो सोयीच्या थांब्यावर उतरवून देईल. स्टॅंडपर्यंत गेलातच तर मेट्रोनं एअरपोर्ट स्टेशनपर्यंत या, तिथून पुढे ऑटो करा. सामान जास्त असेल तर उन्हात चालायचा हट्ट करू नका.

दारावर जवान तिकीट आणि आधार कार्ड बघतो, तिथे डब्ब्याचं कुणी विचारत नाही. आत काउंटरवर मोठी बॅग द्यायची. देशातल्या फ्लाइटचं काउंटर बहुतेक ठिकाणी सुटायच्या तासभर आधी बंद होते, म्हणून जेवायला बाहेर थांबू नका, आधी बॅग द्या. द्यायच्या आधी एकदा स्वतःला विचारा, तिखट कुठे आहे? तूप कुठे आहे? मोठ्या बॅगेतच आहे ना? कारण बॅग एकदा बेल्टवर गेली की परत उघडता येत नाही, आणि जवळच्या बॅगेत राहिलेला ठेचा पुढे पाचव्या मिनिटाला निघणार.

सिक्युरिटीला डब्बा वरच ठेवलेला असला की हात घालून पटकन काढून दाखवता येतो. लाडू, बर्फी, खव्याचे पदार्थ मशीनमध्ये घट्ट गोळ्यासारखे दिसतात म्हणून बॅग बाजूला घेतात, यात घाबरायचं काही नाही, आपण काही चुकीचं केलेलं नसते. आमच्याकडची जुनी माणसं वर्दी पाहून गडबडतात आणि विचारल्याच्या आधीच सांगायला लागतात. शांतपणे "घरचं जेवण आहे साहेब" म्हणायचं, झाकण उघडायचं, बस. मात्र एखादी वस्तू नाही म्हटलं तर वाद घालू नका, तिथल्या जवानाचा शब्द शेवटचा असतो. वेळ हातात असेल तर सोडायला आलेल्या माणसाला फोन करून वस्तू परत देता येते का ते विचारून बघा, म्हणून सोडायला आलेल्यांनी लगेच गावाकडे निघू नये, तुम्ही सिक्युरिटी पार झाल्याचा फोन येईपर्यंत थांबावं.

आत गेल्यावर खुर्च्या असतात, गेटजवळ बसून निवांत जेवून घ्या. मला तर विमानापेक्षा इथेच जेवलेलं जास्त बरं वाटते. मुंबईच्या फ्लाइटमध्ये चढणं-उतरणं वजा केलं तर खायला जेमतेम पाऊण तास मिळतो, त्यातही मधात ट्रॉली येते. इथे हात धुवायला नळ आहे, पाय पसरायला जागा आहे. आजूबाजूला दुकानांत दोनशे-तीनशेचे सॅन्डविच खाणारी माणसं असतात, आणि आपली माय डब्बा उघडायला लाजते. कायले लाजायचं? पहाटे उठून केलेलं स्वच्छ अन्न आहे. एअरपोर्टवरचं खाणं लोकांना परवडत नाही ही गोष्ट सरकारनंही मान्य केलीच, डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू केला, तिथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० ला. पण तो सगळीकडे पोचेल तेव्हा पोचेल, पुरी आज हातात आहे.

विमानात

टेकऑफच्या वेळी समोरचा छोटा टेबल बंद ठेवावा लागतो, पट्ट्याचा दिवा विझला की उघडा. इंडिगो, अकासा सारख्या कंपन्यांत जेवण विकत असते, पण विकत घ्या अशी जबरदस्ती कुणी करत नाही. आपला डब्बा गरम करून देत नाहीत, त्याची मागणी करू नका. गरम पाणी मात्र नम्रपणे मागितलं तर देतात, लेकराची दुधाची पावडर किंवा म्हाताऱ्यांचं औषध असेल तर नक्की मागा. हवाई सुंदरीला "ताई, थोडं गरम पाणी मिळेल का" एवढं मराठीत म्हटलं तरी नागपूरच्या फ्लाइटमध्ये बरेचदा समजते, हिंदी तर सगळ्यांनाच.

थोडं थोडं खा. वर हवा फार कोरडी असते, तोंड सुकते, नाक सुकते, आणि मीठ-साखरेची चव जिभेला कमी लागते, म्हणून पुरी अळणी वाटली तर सुनेला बोल लावू नका. पाणी घोट घोट पीत राहा. संत्र्याची साल, फल्लीची टरफलं आपल्या पिशवीत, समोरच्या खिशात नाही, तिथे पुढचा माणूस हात घालणार असतो. आणि कुणाला फल्लीदाण्याची ॲलर्जी आहे अशी सूचना क्रूनं दिली तर दाणे, दाण्याचे लाडू, दाण्याची चटणी लगेच बंद करून ठेवा. काही लोकांना त्याच्यानं श्वास अडकण्यापर्यंत त्रास होतो, हे खरं आहे, नखरे नाहीत.

शुगरवाल्यांनी डब्बा मोठ्या बॅगेत कधीच टाकू नये. फ्लाइट लेट झाली तर तीन-तीन तास बसावं लागते आणि शुगर खाली जाते. पोळीच्या दोन गुंडाळ्या, मूठभर फुटाणे, आणि एक गुळाचा खडा खिशात. इन्सुलिन जवळच्या बॅगेतच, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, मोठ्या बॅगेत ते गोठू शकते. लेकराचं दूध, पेज, औषध यांना पातळ पदार्थाच्या नियमातून सूट असते, प्रवासात लागेल तेवढं नेता येते, फक्त वेगळं काढून दाखवा.

परदेशात जाणाऱ्यांसाठी

इथे नियम खरोखर कडक आहेत, आणि नियम दोन ठिकाणचे आहेत, विमानाचे वेगळे आणि त्या देशाचे वेगळे. जवळच्या बॅगेत पातळ किंवा लिबलिबीत काहीही १०० मिलीपेक्षा मोठ्या डबीत नाही, त्यात दही, तूप, लोणचं, गुलाबजामचा पाक सगळं येते.

त्या देशाचं म्हणाल तर सगळ्यात आधी खसखस. यूएई, सौदी, सिंगापूर इथे खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून ती अंमली पदार्थात धरतात, आणि माणूस तुरुंगात जाऊ शकते. आता आपले अनारसे आठवा, वर काय लावतो? खसखस. करंजीच्या सारणात खसखस, काही घरच्या काळ्या मसाल्यात खसखस. नागपूरहून शारजाची फ्लाइट पकडून जाणाऱ्या पोराला दिवाळीचा डब्बा देताना अनारसे देऊच नका, पुढे तो दुसऱ्या देशात जाणार असला तरी नको. करंजी द्यायचीच असेल तर सारण खसखशीशिवाय करा.

अमेरिकेत ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मटण-चिकन चालत नाही. कच्चा तांदूळ आणि हरभऱ्यासारखं कडधान्य पण नाही, कारण त्यातून खपरा किडा जातो. आपल्या शेतकऱ्यांना हा किडा सांगायची गरज नाही, ज्यानं साठवलेल्या गव्हाची वाट लागलेली पाहिली त्याला कळते ते लोक एवढे का घाबरतात. युरोपात आणि इंग्लंडमध्ये बाहेरून आलेलं दुधाचं आणि मांसाचं काही चालत नाही, म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. ऑस्ट्रेलियात तर बियाण्यांपासून तुपापर्यंत सगळं तपासतात, नातवाच्या अंगणात वाल लावायला पुडीत बी देऊ नका. पापड, कोरड्या चटण्या, चिवडा, शेव, चकल्या, दुकानातलं सीलबंद लोणचं हे त्यामानानं सोपं जाते, आणि पाकिटावर नाव-तारीख छापलेली असली तर अजून सोपं. घरचं लोणचं न्यायचं असेल तर वरचं तेल निथळून प्लास्टिकच्या बरणीत भरा, झाकणाखाली जाड पिशवीचा तुकडा, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, मग जुनी टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. काचेची बरणी नको.

उतरायच्या आधी फॉर्म भरावा लागतो नाहीतर तिथे गेल्यावर विचारतात, खाण्याचं काही आणलं का. उत्तर नेहमी "हो" द्या, चिवड्याचं एक पाकीट असलं तरी हो. हो म्हटलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात आणि जाऊ देतात, नाही म्हटलं आणि बॅगेत सापडलं तर दंड होतो, आणि तो डॉलरमध्ये असतो. इंग्रजी येत नसेल तर पोराकडून एका कागदावर सगळ्या पदार्थांची यादी इंग्रजीत लिहून घ्या, पापड म्हणजे कशाचा, चटणी म्हणजे कशाची, आणि तो कागद पासपोर्टमध्ये ठेवा. अधिकाऱ्याच्या हातात कागद द्यायचा आणि बॅगेकडे बोट दाखवायचं.